गर्भनिरोधक गोळ्या बंद करून सहा महिने झाले, वय ३५, अजून काहीच नाही. गोळ्यांमुळेच असेल का?

पाचोऱ्याची_बाई (६ नोव्हेंबर, रात्री ११:४०)

नमस्कार. इथे खूप दिवसांपासून वाचते पण लिहितेय पहिल्यांदाच, घरात कोणाशी बोलायची सोय नाही म्हणून. जरा लांबण लागेल, समजून घ्या.

माझं वय ३५ पूर्ण आहे, मार्चमध्ये ३६ होईल. लग्न तिसाव्या वर्षी झालं. तेव्हा घराचं लोन चालू होतं, नणंदेचं लग्न बाकी होतं, मिस्टर चाकणला कंपनीत पण परमनंट नव्हते, त्यामुळे दोघांनी मिळून ठरवलं की थोडं थांबू, आणि ते थोडं थांबू म्हणता म्हणता साडेचार वर्षं गेली. मी पूर्ण वेळ गोळ्या घेतल्या. सासूबाईंना यातलं काहीच माहीत नाही. पाकीट शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनच्या डबीखाली ठेवायची, घरात त्या मशीनला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. रोज रात्री एखादा ब्लाउज घेऊन बसायचं, ड्रॉवर उघडायचं, गोळी घ्यायची, पाणी प्यायचं. चार वर्षांत गल्लीतल्या निम्म्या बायकांचे फॉल-बिडिंग झाले असतील त्या नादात.

यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले तेव्हा गोळ्या बंद केल्या. मे, जून गेला. मला वाटलं दोन-तीन महिन्यांत होईल, आता दिवाळी पण झाली. सासूबाई तोंडावर वाईट बोलत नाहीत पण श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांना, सगळी भाऊबंदकी जमली होती तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "यंदा कानबाईले नवस बोलेल शे." सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी भांडी उचलून मागे मोरीवर निघून गेले. परवा शेतात भरीत पार्टी होती तिथे पण तेच. वांगी भाजायला ठेवली नाही तोवर चुलत सासूचं सुरू, "आते कव्हय?"

शेजारच्या एक काकू म्हणतात गोळ्यांनी पिशवी सुकते, त्यांच्या भाचीची सुकली म्हणे. तेव्हापासून झोप नाही. अॅपमध्ये बघून १४ वा दिवस धरून प्रयत्न करतो, तरी नाही. जळगावला एका ठिकाणी दाखवलं, डॉक्टरांनी पाच मिनिटांत एएमएच सांगितला (बीजांच्या साठ्याची रक्ताची टेस्ट), तो १.४ आला, तर म्हणाल्या वेळ घालवू नका, आयव्हीएफचा विचार करा. मिस्टरांची काहीच टेस्ट नाही सांगितली.

तर गोळ्यांमुळे झालं का हे? आणि आता नक्की काय करू?

तापीकाठची_माय (७ नोव्हेंबर, सकाळी ६:१५)

बेटा टेन्शन घेऊ नको आधी. या गोळ्यांची उष्णता अंगात साठते, ती निघाल्याशिवाय गर्भ राहत नाही. रोज सकाळी सब्जा भिजवून पी, धने-जिरे पाणी पी, पपई आणि तीळ बंद. माझ्या सुनेला तीन महिन्यांत गुण आला.

चोपडा_नर्सताई (७ नोव्हेंबर, दुपारी २:०५)

माय, सब्जा पिऊ दे तिला, जळगावच्या उन्हात चांगलाच आहे, पण गोळ्यांची उष्णता साठते हे डोक्यातून काढा. मी एएनएम होते, आता रिटायर झाले, गावोगाव कुटुंब नियोजनाचं सांगण्यातच नोकरी गेली. गोळीतलं हार्मोन बंद केल्यावर थोड्या दिवसांत शरीरातून निघून जातं. साठत नाही, पिशवी सुकवत नाही, बीजं पण खात नाही. बहुतेक बायकांचं बीज एक ते तीन महिन्यांत परत सुटायला लागतं, काहींचं तर पहिल्याच महिन्यात. म्हणून तर आम्ही सांगायचो की गोळी चुकली तर सांभाळा.

एक गोष्ट मात्र खरी आहे. गोळ्या चालू असताना जी पाळी येते ती आपली पाळी नसते. पाकिटातल्या शेवटच्या सात तपकिरी गोळ्या लोहाच्या असतात, त्या दिवसांत हार्मोन थांबतं म्हणून रक्तस्राव होतो, घड्याळ लावल्यासारखा २८ दिवसांनी. मग बाईला वाटतं माझी पाळी एकदम रेग्युलर. गोळ्या बंद केल्या की मूळची पाळी पुढे येते, आधी ३५ दिवसांची असेल तर परत ३५ ची, पीसीओडी (बीजकोशाचा त्रास, ज्यात पाळी मागेपुढे होते) असेल तर तो पण तेव्हाच दिसतो. मग नाव गोळ्यांचं होतं.

आता तू मला दोन गोष्टी सांग. गेल्या चार पाळ्यांच्या तारखा, आणि मिस्टर चाकणला असतात तर घरी कधी कधी येतात त्या तारखा. अॅपचं काही नको.

शिरपूर_४२५४०५ (७ नोव्हेंबर, दुपारी ३:३०)

गोळ्या आणि इंजेक्शन यात फरक असतो हे पण कोणीतरी लिहा. मी पहिल्या मुलीनंतर सरकारी दवाखान्यात अंतरा घेतलं होतं, दर तीन महिन्यांनी एक, असे चार डोस. बंद केल्यावर सात महिने पाळीच आली नाही. आख्ख्या गल्लीत बातमी की हिला दिवस गेले, मग बातमी की हिचं पडलं, आणि मला दोन्हीतलं काहीच नव्हतं. शेवटच्या इंजेक्शननंतर बरोबर अकराव्या महिन्यात राहिलं. नंतर कळलं की अंतरामध्ये सरासरी एवढा वेळ लागतोच. कार्ड देताना ताईंनी सांगितलं पण होतं बहुतेक, माझंच लक्ष पोरीच्या रडण्यात.

तांबीचं उलटं, काढली की त्याच महिन्यात राहू शकतं. माझ्या जावेचं राहिलं.

पाचोऱ्याची_बाई (७ नोव्हेंबर, रात्री १०:५०)

नर्सताई, खूप आभार. तारखा शाळेच्या डायरीत आहेत म्हणून सांगता येतात. ३ जुलै, ५ ऑगस्ट, ९ सप्टेंबर, ११ ऑक्टोबर. त्याआधी मे-जूनमध्ये जरा मागेपुढे झाली होती.

मिस्टर एक आड एक शनिवारी येतात, शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्सला बसतात, शनिवारी सकाळी पोहोचतात आणि रविवारी रात्री परत. १२ जुलै, २६ जुलै, ९ ऑगस्ट, २३ ऑगस्ट, ६ सप्टेंबर, २० सप्टेंबर, ४ ऑक्टोबर. दिवाळीला १८ ते २६ ऑक्टोबर सलग घरी होते.

चोपडा_नर्सताई (८ नोव्हेंबर, सकाळी ११:२०)

बघ, मला हेच वाटलं होतं. कागद घेऊन बस माझ्यासोबत.

तुझ्या पाळ्यांमधलं अंतर ३३, ३५ आणि ३२ दिवस. १४ वा दिवस हा २८ दिवसांच्या पाळीचा. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी, मागच्या पाळीपासून मोजायचं नाही. म्हणजे तुझं बीज जुलैत २२ च्या आसपास, ऑगस्टमध्ये २६ च्या आसपास, सप्टेंबरमध्ये २७ च्या आसपास सुटलं असेल. बीज जगतं १२ ते २४ तास. पुरुषाचे शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकतात. म्हणून कामाचे दिवस म्हणजे बीज सुटण्याच्या आधीचे पाच आणि तो एक.

जुलै: कामाचे दिवस १७ ते २२. मिस्टर आले १२ ला आणि २६ ला. दोन्ही वेळा हुकलं.
ऑगस्ट: २१ ते २६. मिस्टर २३ ला आले. हा एक बरोबर.
सप्टेंबर: २२ ते २७. मिस्टर २० ला आले आणि २१ च्या रात्री गेले. काठावर.
ऑक्टोबर: पाळी ११ ला, म्हणजे कामाचे दिवस २४ च्या पुढे. ते २६ पर्यंत होते, तर थोडा चान्स.

आता सांग, सहा महिने प्रयत्न केला म्हणतेस, खरे प्रयत्न किती झाले? दीड, फार तर दोन. पस्तिशीत सगळं बरोबर असताना सुद्धा एका महिन्यात राहण्याची शक्यता साधारण १५ टक्के धरतात. त्यात दोनदा नेम लागला नाही म्हणून पिशवी सुकली म्हणायचं का?

पाचोऱ्याची_बाई (८ नोव्हेंबर, दुपारी १:१०)

ताई, शाळेच्या मधल्या सुट्टीत वाचलं आणि डोळ्यात पाणी आलं, वर हसू पण आलं. कारण तो जो एक बरोबर आहे ना, २३ ऑगस्ट, तेव्हा नुकताच पोळा झालेला, नणंद दोन पोरांना घेऊन आलेली, आमची खोली त्यांना दिली होती आणि आम्ही दोघं हॉलमध्ये, मध्ये सासरे. म्हणजे तो पण नाहीच.

भुसावळचा_भो (८ नोव्हेंबर, रात्री ९:००)

ताई, पुरुष माणूस मध्ये बोलतोय, राग मानू नका, पण माझी गोष्ट तुमच्या मिस्टरांना वाचायला द्या.

आम्ही अडीच वर्षं बायकोलाच तपासत होतो. सोनोग्राफी, नळ्यांची एक्सरे तपासणी, तिला इतकी दुखली की घरी येऊन दिवसभर पडून होती, सगळं नॉर्मल. मग एका डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, तुमचा रिपोर्ट कुठाय? माझा कसला रिपोर्ट, मी धडधाकट, पहिलवान गडी. रिपोर्ट आला तर काउंट ८ मिलियन. किमान १६ पाहिजे म्हणतात. मला आधी रागच आला, लॅब बदलून परत केली, ९ आला. मग गप बसलो.

कारण काय तर तंबाखू-चुना दिवसातून दहा वेळा, ड्युटी गरम जागेत, त्यात भुसावळचं ऊन, मे मध्ये ४५ च्या वर पारा, आणि टाईट जीन्सची हौस. अंडकोष शरीरापेक्षा थंड राहायला पाहिजे म्हणून तर देवाने बाहेर दिलेत, हे मला ३४ व्या वर्षी कळलं. तंबाखू सोडली, सोपी नाही गेली, बडीशेपचे डबे संपवले. डॉक्टर म्हणाले तीन महिन्यांनी परत करा, लगेच करून उपयोग नाही, शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात. तीन महिन्यांनी १९ आला. मुलगी आता दोन वर्षांची आहे.

ही टेस्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बिनदुखीची, तरी सगळ्यात शेवटी होते. लॅबमध्ये जी खोली देतात तिथे भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर होतं, मी आधी ते उलटं केलं. एवढाच काय तो त्रास.

नंदुरबार_सातपुडा (८ नोव्हेंबर, रात्री ११:३०)

वरच्या सगळ्यांनी चांगलं लिहिलंय. एक राहिलं. दिवस राहायच्या आधीच दोघांची सिकलसेल आणि थॅलेसेमियाची (हे आई-बापाकडून बाळाला येणारे रक्ताचे आजार) रक्ततपासणी करून घ्या. आपल्या खान्देशात विशेषतः सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल खूप आहे, पण ते फक्त आदिवासींनाच असतं असं समजू नका, बाकी समाजात पण सापडतं. एकच जण वाहक असेल तर घाबरायचं कारण नाही. दोघं वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता बाळाला आजार होण्याची, आणि हे आधी माहीत असलेलं बरं. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

गुणकारी_वैद्य (९ नोव्हेंबर, सकाळी ७:४५)

[हा प्रतिसाद काढून टाकला आहे. "मुलगाच होईल" अशा औषधाची जाहिरात इथे चालणार नाही. गर्भलिंग निवडीची जाहिरात करणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. परत टाकलीत तर खातं बंद होईल. – व्यवस्थापक]

चोपडा_नर्सताई (९ नोव्हेंबर, सकाळी १०:१५)

बरं केलं काढलं. असल्या पुड्यांत काय असतं कोणाला माहीत, आणि बाया त्या घेतात नेमक्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत जेव्हा बाळाचे अवयव बनत असतात.

पाचोऱ्याच्या बाई, पस्तिशीच्या आत असतीस तर वर्षभर वाट बघ म्हणाले असते. पस्तीस झाली की सहा महिन्यांनी तपासून घ्यायचं, हा नियम बरोबरच आहे, तो मोडू नकोस. तुझे खरे प्रयत्न दोनच झाले म्हणून अजून वर्ष काढ असं मी अजिबात म्हणत नाहीये, वय कोणासाठी थांबत नाही. पण तपासणी म्हणजे लगेच आयव्हीएफ नाही. आधी साध्या गोष्टी. तुझं थायरॉईड, शुगर, हिमोग्लोबिन, एक सोनोग्राफी, आणि मिस्टरांचा रिपोर्ट. दोघांचं एकाच वेळी. भुसावळच्या भाऊंसारखं अडीच वर्षांनी नको. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या केसेसमध्ये पुरुषाच्या बाजूचं काहीतरी कारण असतं, पूर्ण नाहीतर अर्धं.

एएमएच बद्दल. तो बीजांचा साठा अंदाजे किती ते सांगतो. या महिन्यात तुला दिवस राहतील की नाही हे तो सांगत नाही, आणि बीज चांगलं की वाईट हे पण नाही. तुझ्या वयाला १.४ म्हणजे आभाळ कोसळलं असं काही नाही. दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव, ज्या मिस्टरांना पण आत बोलावतील.

आणि फॉलिक अॅसिड आजच सुरू कर, राहिल्यावर नाही. बाळाच्या पाठीचा कणा बनतो पहिल्या चार आठवड्यांत, तेव्हा बाईला कळलेलं पण नसतं. रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, मेडिकलवाले सरसकट ५ मिलिग्रॅमची देतात, ती कोणाला लागते ते डॉक्टर ठरवतील, विचारून घे. लहानपणी रुबेलाची लस झाली का ते पण विचार, ती घेतली तर एक महिना थांबावं लागतं.

तापीकाठची_माय (९ नोव्हेंबर, दुपारी १२:००)

नर्सताई, मला माहीत नव्हतं उष्णतेचं. आम्हाला जे सांगितलं ते आम्ही पुढे सांगतो. बेटा, पण सासूला सांगून टाक गोळ्यांचं. लपवलेलं बाहेर आलं की जास्त लागतं.

शिरपूर_४२५४०५ (९ नोव्हेंबर, दुपारी १२:२०)

माय, मी उलट म्हणेन. का सांगायचं? ती आणि तिचा नवरा दोघांनी ठरवलं होतं. सांगितलं की पुढची पाच वर्षं प्रत्येक भांडणात गोळ्या निघणार, भाजी खारट झाली तरी गोळ्या. सांगायचंच असेल तर नवऱ्याने सांगावं.

जळगाव_मेहरूण (९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:४०)

नवऱ्याने सांगावं याला माझं पण मत. आणि त्या तारखांचं एवढं गणित जमत नसेल तर ओव्ह्युलेशनची पट्टी मिळते मेडिकलमध्ये, प्रेग्नन्सीच्या पट्टीसारखीच. ३२-३५ दिवसांची पाळी असेल तर १३ व्या-१४ व्या दिवसापासून रोज बघायची. गडद रेघ आली की पुढच्या एक-दीड दिवसात बीज सुटतं. फक्त ती रेघ आल्यावर चाकणहून निघायचं म्हटलं तर माणूस पोहोचेपर्यंत कार्यक्रम संपलेला असतो, म्हणून आधीच रजा टाका. पीसीओडी असेल तर पट्टी फसवते कधी कधी.

पाचोऱ्याची_बाई (१५ नोव्हेंबर, रात्री ११:५५)

सगळ्यांना सांगायचं होतं म्हणून आले.

पाळी परवा आली, १३ ला. बरोबर ३३ दिवस. थोडं रडले, नाही असं नाही, शाळेच्या बाथरूममध्ये. पण या वेळी पहिल्यांदा पिशवी सुकली वगैरे डोक्यात आलं नाही. डायरी काढली आणि लिहिलं, पुढची १६ डिसेंबरच्या आसपास, म्हणजे कामाचे दिवस २७ नोव्हेंबर ते २ डिसेंबर. मिस्टरांना फोन करून सांगितलं तर ते म्हणे २९ ला तर येणारच आहे. मी म्हटलं २७ ला या आणि २ ला जा, सुपरवायझरला काहीही सांगा. आजी आजारी आहे सांगितलंय त्यांनी. आजी जाऊन सात वर्षं झाली.

भुसावळच्या भाऊंचं लिहिलेलं त्यांना पाठवलं. दोन दिवस काही रिप्लाय नाही, मग नुसता अंगठा. आज सकाळी आले आणि चहा पिताना स्वतःच म्हणाले की सोमवारची रजा घेतलीय, रिपोर्ट करून टाकू, दुसऱ्या डॉक्टरांची वेळ पण सोमवारचीच घेतलीय. त्यांना पण तंबाखूची सवय आहे, हे मी आधी लिहिलं नव्हतं, मला ते महत्त्वाचं वाटलंच नव्हतं.

आणि सासूबाई. मी सांगणार नव्हते. दुपारी जेवताना त्यांनी परत मनुदेवीला जायचं काढलं तर हे ताटात बघत म्हणाले, "आई, तिला कुठे कुठे फिरवू नको, गोळ्या मीच आणून द्यायचो चार वर्षं." मला वाटलं आता ताट फेकतात. काही नाही. उठून हात धुतले आणि आत गेल्या. संध्याकाळपर्यंत अबोला. आता रात्री मी मशीनवर बसले होते तर जवळ येऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, "महाग राहत व्हत्या का त्या गोळ्या?" मी म्हटलं नाही, फार नाही. म्हणाल्या, "आमना टाइमले कोनी सांगंच नही," आणि झोपायला गेल्या. मनुदेवीला जायचं कॅन्सल नाही, रविवारीच जायचंय, फक्त आता मिस्टरांना पण सोबत नेणार म्हणे.

आता एकच विचारायचं होतं. सोमवारी रिपोर्टसाठी डबी घरून न्यायची का लॅबमधूनच मिळते? आणि यांना तिथे जमणार नाही असं म्हणतायत, घरून नेलं तर चालतं का?

भुसावळचा_भो (१६ नोव्हेंबर, सकाळी ६:४०)

डबी लॅबमधूनच घ्या, आजच आणून ठेवा, घरची औषधाची बाटली वगैरे चालत नाही. किमान दोन दिवस आणि जास्तीत जास्त सात दिवस गॅप पाहिजे, म्हणजे आज रात्री मनुदेवीहून आल्यावर सरळ झोपा. घरून नेलं तर चालतं पण एका तासाच्या आत पोहोचलं पाहिजे, आणि थंडीचे दिवस आहेत, डबी गाडीच्या डिक्कीत टाकू नका म्हणा, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा. पाचोऱ्यातच लॅब बघा, जळगावला नेताना रस्त्यात उशीर झाला तर सगळं वाया.

पाचोऱ्याची_बाई (१६ नोव्हेंबर, सकाळी ७:०५)

ते इथे शेजारी बसूनच वाचतायत. विचारतात की कॅलेंडर असलंच तर उलटं करायला परवानगी लागते का.